वीज कंपनी विकली जाते तेव्हा बिलात काय शिरतं आणि ते कुठे अडवायचं

प्रश्न असा आहे: ‘आमच्या भागातला वीज वितरणाचा व्यवसाय दुसऱ्या कंपनीकडे जाणार असं ऐकतो. त्याच सुमारास दरनिश्चितीची याचिकाही आली आहे. खरेदीची किंमत शेवटी आमच्याच बिलातून वसूल होणार का? वसाहतीतलं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) सभासदांनी वर्गणी काढून बसवलं होतं, त्याचं काय होईल? आयोगापुढे हरकत घ्यायची तर नेमकं काय मांडायचं?’

नव्या मालकानं किती पैसे मोजले याच्याशी तुमच्या दराचा संबंध नसायला हवा. वितरण कंपनीचा दर ठरतो तो तारा, खांब, केबल, रोहित्रं पहिल्यांदा उभी राहिली तेव्हाच्या मंजूर खर्चावर आणि त्यातून आजवर वसूल झालेल्या घसाऱ्यावर, म्हणजे मालमत्ता झिजते म्हणून दरवर्षी बिलातून घेतल्या जाणाऱ्या तिच्या किमतीच्या हिश्शावर. मालक बदलला म्हणून जुनं उपकेंद्र नवं होत नाही. हे तत्त्व वीजदर ठरवणारा राज्य वीज नियामक आयोग मानतो आणि सुनावणीत कंपन्याही नाकारत नाहीत. अडचण पुढे येते. हस्तांतराच्या आदेशात ही गोष्ट अट म्हणून उतरली नाही आणि नंतरच्या प्रत्येक ट्रू-अपमध्ये (मंजूर अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च-महसूल यांच्या फेरजुळणीत) कुणी आकडा पडताळला नाही, तर खरेदीची किंमत वेगवेगळ्या नावांनी हळूहळू महसुली गरजेत, म्हणजे दरांतून वसूल करायच्या एकूण खर्चात, येऊन बसते. म्हणून हरकत दोन्ही ठिकाणी घ्यावी लागते, हस्तांतराच्या प्रकरणात आणि दराच्या प्रकरणात. एकाच ठिकाणी घेतली तर दुसरीकडून उत्तर येतं की हा या याचिकेचा विषय नाही.

आधी व्यवहार कोणता आहे ते पाहा

‘कंपनी विकली’ या दोन शब्दांत किमान चार वेगळे व्यवहार असू शकतात आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा.

पहिला म्हणजे फ्रँचायझी, परवानाधारकाच्या वतीनं करारावर वीज वाटणारी कंपनी. भिवंडीत २००७ पासून टोरंट पॉवर वीज देते, पण परवाना महावितरणचाच आहे, जुनं जाळं महावितरणचंच आहे आणि दरही महावितरणचेच लागतात. फ्रँचायझीला वेगळा परवाना लागत नाही. आयोगापुढे जबाबदार राहतो तो मूळ परवानाधारक. इथे मालमत्ता विकलीच जात नाही. करार संपला की सगळं परत येतं, नागपुरात २०१९ मध्ये तसंच झालं. फ्रँचायझीच्या बाबतीत विचारायचा प्रश्न वेगळा: तिनं केलेला भांडवली खर्च करार संपताना महावितरणकडे कोणत्या किमतीला येतो? तो किमतीचा तक्ता करारात असतो आणि तो मागता येतो.

दुसरा म्हणजे समांतर परवाना. एकाच भागात दुसऱ्या कंपनीला स्वतःच्या जाळ्यातून वीज द्यायची परवानगी. इथेही हस्तांतर नाही.

तिसरा, सरकारनं कायद्याच्या कलम १३१ खाली आणलेली हस्तांतर योजना. ६ जून २००५ ला वीज मंडळाची सूत्रधारी, निर्मिती, पारेषण आणि वितरण अशी विभागणी झाली ती या वाटेनं. यात हस्तांतराचं मूल्य मालमत्तेतून किती महसूल मिळू शकतो यावर ठरवायची मुभा कायद्यातच आहे, म्हणून सुरुवातीच्या ताळेबंदाकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. केंद्रशासित प्रदेशांत अलीकडे हीच वाट वापरली गेली. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवचं वितरण १ एप्रिल २०२२ पासून टोरंटच्या ५१ टक्के मालकीच्या कंपनीकडे गेलं.

चौथा आणि तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचा म्हणजे एका परवानाधारकानं आपला ‘युटिलिटी’ व्यवसाय, म्हणजे तारा, उपकेंद्रं आणि त्यांवरचा धंदा, दुसऱ्याला विकणं. इथे वीज कायदा २००३ चं कलम १७ लागू होतं. आयोगाच्या पूर्वपरवानगीशिवाय परवाना दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि युटिलिटी किंवा तिचा कोणताही भाग विकता, भाड्यानं देता किंवा अदलाबदल करता येत नाही. परवानगीशिवाय केलेला करार शून्य ठरतो. एक परवानाधारक त्याच राज्यातल्या दुसऱ्याची युटिलिटी घेत असेल, तर त्या क्षेत्रातल्या इतर परवानाधारकांना किमान एक महिन्याची नोटीस द्यावी लागते.

नोटीस इतर परवानाधारकांना द्यायची, ग्राहकांना द्यावीच असं कलम १७ म्हणत नाही. दराच्या याचिकेत सूचना-हरकती कायद्यानंच मागवाव्या लागतात, हस्तांतराच्या याचिकेत तसं आपोआप होत नाही. तेव्हा बातमी आली की आयोगाच्या संकेतस्थळावर प्रकरण क्रमांक शोधा आणि हस्तक्षेप अर्ज (चालू प्रकरणात आपलंही म्हणणं ऐकावं असा अर्ज) लगेच दाखल करा. जनसुनावणीच्या जाहिरातीची वाट पाहत बसलात तर आदेश निघून गेलेला असेल. परवान्यात दुरुस्ती लागत असेल तर कलम १८ खाली प्रसिद्धी करून हरकतींना मुदत द्यावी लागते. तो दुसरा दरवाजा.

एका उपकेंद्राचं गणित

तत्त्व कितीही पटलं तरी आयोगापुढे आकडा मांडल्याशिवाय वजन पडत नाही. एक नमुना पाहा. आकडे सोयीसाठी धरले आहेत, रीत नेहमीचीच.

एक ३३/११ केव्ही उपकेंद्र १० कोटींत उभं राहिलं. दर ठरवताना ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भागभांडवल धरतात, म्हणजे ७ कोटी कर्ज, ३ कोटी भांडवल. यंत्रसामग्रीवर दरवर्षी ५.२८ टक्के घसारा. घसारा मिळतो त्यातून कर्ज फिटतं असं मानतात. ७० टक्के घसारा वसूल झाला की कर्ज संपलं. त्यानंतर उरलेला घसारा उरलेल्या आयुष्यावर सारखा पसरतात, तोही एकूण ९० टक्क्यांपर्यंतच. शेवटचे १० टक्के भंगाराची किंमत म्हणून सोडायचे.

समजा उपकेंद्र आज त्या टप्प्याला आहे आणि आयुष्याची १० वर्षं उरली आहेत. ग्राहकांकडून वर्षाला काय वसूल होईल? भांडवलावर १५.५ टक्के परतावा धरला तर ४६.५ लाख. व्याज शून्य. घसारा २ कोटी भागिले १० म्हणजे २० लाख. एकूण ६६.५ लाख.

आता हेच उपकेंद्र ९ कोटींना विकलं आणि नव्या मालकानं ९ कोटी हीच ‘मूळ किंमत’ म्हणून तक्त्यात भरली. भांडवल २.७ कोटी, परतावा ४१.८५ लाख. कर्ज ६.३ कोटी, ९ टक्क्यांनी व्याज ५६.७ लाख. घसारा ५.२८ टक्क्यांनी ४७.५२ लाख. एकूण १ कोटी ४६ लाख.

उपकेंद्र तेच, फीडर तेच, वीज तेवढीच, आणि ग्राहकांवरचा भार दुपटीहून जास्त. शिवाय ज्या कर्जाची फेड ग्राहकांनी एकदा केली, ते कर्ज त्यांच्यावर पुन्हा चढलं. हरकतीत हे शेवटचं वाक्य जरूर लिहा, कारण खरा अन्याय तिथे आहे.

कंपनी कायद्याप्रमाणे ठेवलेल्या हिशेबात खरेदीदार मालमत्ता वाजवी मूल्यानं दाखवू शकतो, त्यात गैर काही नाही. पण दरासाठीचे हिशेब वेगळे असतात आणि त्यात जुनीच मूळ किंमत, जुनाच संचित घसारा पुढे चालला पाहिजे. म्हणून याचिकेसोबतचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि दरासाठीचे तक्ते यांच्यातला फरक जुळवून दाखवणारं पत्रक मागा. ते नसेल तर आयोगानं ते मागवावं अशी विनंती करा. हे एकच पान मिळालं तरी निम्मं काम होतं.

मुंबई उपनगरांतला व्यवहार

महाराष्ट्रातला सर्वांत मोठा दाखला म्हणजे मुंबई उपनगरांतला. रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरनं आपला मुंबईतला निर्मिती, पारेषण आणि वितरण व्यवसाय अदानी ट्रान्समिशनला विकायचा करार डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केला. व्यवहार सुमारे १८,८०० कोटींचा, ग्राहक ३० लाखांच्या घरात, सोबत डहाणूचा ५०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प. रचना दोन टप्प्यांची होती. आधी व्यवसाय रिलायन्स इलेक्ट्रिक जनरेशन अँड सप्लाय या पूर्ण मालकीच्या उपकंपनीत न्यायचा, मग त्या उपकंपनीचे सगळे समभाग खरेदीदाराला द्यायचे. आयोगाची परवानगी २८ जून २०१८ ला मिळाली, २९ ऑगस्टला ताबा बदलला आणि त्याच कंपनीचं नाव पुढे अदानी इलेक्ट्रिसिटी मुंबई झालं.

दोन टप्प्यांच्या रचनेत काय पाहायचं? पहिल्या टप्प्यात परवाना हलतो, म्हणून कलम १७ सरळ लागतं. दुसऱ्या टप्प्यात फक्त समभाग हलतात, परवानाधारक कंपनी कागदावर तीच राहते. त्यामुळे परवानगी मागताना दोन्ही टप्पे एकत्र आयोगापुढे आले का, आणि अटी दोन्ही टप्प्यांना लागू केल्या का, हे बघावं. केवळ पहिल्या टप्प्यापुरती अट घातली तर दुसऱ्या टप्प्यात खरेदीदारानं काढलेलं कर्ज कधीतरी उपकंपनीच्याच डोक्यावर येतं. पुढच्या दर याचिकेत ते ‘प्रत्यक्ष कर्जाचा सरासरी व्याजदर’ या ओळीतून येतं. कर्जाची रक्कम मानकानुसारच (वरच्या ७० टक्क्यांच्या हिशेबानं) धरली जाते, पण व्याजदर प्रत्यक्ष कर्जांच्या सरासरीवरून ठरतो. व्यवहारासाठी काढलेलं महाग कर्ज या सरासरीत मिसळलं तर वीजदर वाढतो, आणि मालमत्तेच्या तक्त्यात काहीही बदललेलं दिसत नाही.

दुसरी बारीक गोष्ट तारखेची. ताबा आर्थिक वर्षाच्या मध्ये बदलला तर त्या दिवशी लाखो मीटरांची नोंद घेणं शक्य नसतं. मग ‘बिल न झालेला महसूल’ अंदाजानं वाटला जातो, विकणाऱ्याकडे थोडा, घेणाऱ्याकडे थोडा. दोन वेगळे लेखापरीक्षक, दोन वेगळे अंदाज. दोघांची बेरीज पूर्ण वर्षाच्या प्रत्यक्ष विक्रीशी जुळली नाही तर मधला महसूल गायब होतो आणि ट्रू-अपमध्ये तूट म्हणून परत येतो. त्या वर्षाचा ट्रू-अप परवाना क्षेत्रासाठी अखंड बारा महिन्यांचा व्हावा, मालक कितीही असोत, अशी मागणी करा.

न मिळालेली जुनी तूट: नियामक मालमत्ता

१८,८०० कोटींचा आकडा ऐकला की तो तारा-खांबांचा वाटतो. त्यात मोठा वाटा ‘नियामक मालमत्तां’चा होता, म्हणजे कंपनीला जो खर्च ग्राहकांकडून मिळायचा आहे पण आयोगानं दर एकदम वाढू नयेत म्हणून पुढे ढकलला आहे, त्या रकमेचा. व्यवसाय विकला जातो तेव्हा हे येणंही विकलं जातं. मंजूर झालेलं येणं असतं तसं अजून मंजूर न झालेलंही असतं, आणि दुसऱ्या प्रकारावर खरेदीदारानं आधीच किंमत लावलेली असते.

इथे ग्राहकानं ठाम राहिलं पाहिजे. खरेदीदारानं करारात किती धरलं हा त्याचा व्यावसायिक अंदाज. आयोगानं तो मंजुरीच्या वेळी विचारातच घेऊ नये. जुन्या वर्षांचे ट्रू-अप त्या वर्षांच्या कागदांवर, त्या वर्षांच्या नियमांनी व्हावेत आणि विकणाऱ्या कंपनीनं आवश्यक कागद देण्याची जबाबदारी हस्तांतरानंतरही सोडू नये. नाहीतर चौकशीला उत्तर येतं की ते दप्तर आमच्या काळातलं नाही.

ढकललेल्या तुटीवर व्याज चढतं, त्याला वहन खर्च म्हणतात. १०० कोटींची तूट १० टक्के दरानं तीन समान वार्षिक हप्त्यांत फेडली तर व्याज १०, ६.६७ आणि ३.३३ असं मिळून २० कोटी होतं. तीच तूट पाच वर्षं नुसती पडून राहिली तर साध्या व्याजानंच ५० कोटी होतात आणि मुद्दलाचा एक रुपयाही कमी झालेला नसतो. म्हणून ‘दरवाढ पुढे ढकला’ ही मागणी ऐकायला गोड असली तरी करू नका. ‘तूट आधी नीट तपासा, जी ग्राह्य ठरेल ती कमी वर्षांत फेडा’ असं म्हणा. दिल्लीत नेमकं उलट झालं. तिथल्या तीन खाजगी वितरण कंपन्यांच्या नियामक मालमत्ता साचत साचत २७,२०० कोटींवर गेल्या आणि ६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं नियामक आयोगांना खडसावलं. नवी तूट मंजूर महसुली गरजेच्या ३ टक्क्यांच्या आसपासच असावी आणि ती तीन वर्षांत फेडावी, हा वीज नियमांतला दंडक न्यायालयानं मार्गदर्शक मानला. हरकतीत या निकालाचा आधार जरूर घ्या.

वसाहतीतलं रोहित्र

तुमच्या प्रश्नाचा हा भाग बहुतेकांना किरकोळ वाटतो, पण राज्यभरात मोठी मालमत्ता अशीच ग्राहकांच्या पैशांतून उभी आहे.

नव्या वसाहतीला वीज घेताना दोन रीती असतात. एक, कंपनीनं अंदाजपत्रक काढायचं, तुम्ही पैसे भरायचे, काम कंपनीनं करायचं. दोन, तुम्ही परवानाधारक ठेकेदाराकडून काम करून घ्यायचं आणि महावितरणला १.३ टक्के देखरेख शुल्क भरायचं. काम झालं, विद्युत निरीक्षकाची परवानगी मिळाली, चाचणी अहवाल जोडला की रोहित्र, खांब, केबल कंपनीकडे सुपूर्द होतात. पुढची देखभाल कंपनीची. जागेचा छोटा तुकडाही नाममात्र भाड्यानं द्यावा लागतो.

सुपूर्द केल्यावर मालमत्ता कंपनीच्या नावे जाते, पण तिच्यावर कंपनीचा पैसा लागलेला नाही. म्हणून दर ठरवताना ग्राहकांच्या अंशदानातून आलेल्या मालमत्तेवर घसारा, व्याज आणि परतावा यांपैकी काहीच मिळत नाही. फक्त देखभाल-दुरुस्तीचा खर्च मिळतो, तो योग्यच आहे. चूक होते ती नोंदीत. पैसे देऊन कंपनीनं काम केलं तर अंशदानाची रक्कम हिशेबात येते. तुम्ही स्वतः काम करून सुपूर्द केलं, तर कंपनीच्या खात्यात पैसे कधी आलेलेच नसतात. मग किंमत कोणती लिहायची? मंजूर अंदाजपत्रकाची रक्कम मालमत्तेच्या बाजूला लिहिली आणि अंशदानाच्या बाजूला लिहायची राहिली, तर तुमच्याच रोहित्रावर तुम्ही परतावा भरू लागता.

हे तपासायला तुमच्याकडे कागद हवेत: मंजूर अंदाजपत्रक, देखरेख शुल्काची पावती, विद्युत निरीक्षकाचं पत्र, रोहित्राच्या नामफलकाचा फोटो (क्षमता, अनुक्रमांक, बनावटीचं वर्ष स्पष्ट दिसेल असा) आणि सुपूर्दनाम्याची प्रत. फोटो डीपीच्या खांबासकट काढा, म्हणजे जागाही कळते. मालक बदलायच्या आधी शाखा कार्यालयात अर्ज करून मालमत्ता नोंदवहीत या रोहित्राची नोंद ‘ग्राहक अंशदान’ या सदरात आहे का, ते लेखी विचारा. महावितरण सरकारी कंपनी असल्यानं तिथे माहिती अधिकार चालतो. खाजगी परवानाधारकाकडे तो सरळ लागू पडेल यावर विसंबू नका; तिथे आयोगामार्फत माहिती मागवणं जास्त भरवशाचं. पन्नास वसाहतींनी असे कागद एकत्र करून हरकतीला जोडले, तर आयोगाला प्रत्यक्ष पडताळणीचा आदेश देण्यासाठी ठोस कारण मिळतं. नुसता ‘नोंदी चुकीच्या असाव्यात’ असा संशय कुणी मनावर घेत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे बाद मालमत्ता. १०० केव्हीएचं रोहित्र काढून २०० केव्हीएचं बसवलं की नव्याची किंमत तक्त्यात लगेच चढते. जुन्याची किंमत वजा व्हायला हवी आणि भंगारातून आलेले पैसे, म्हणजे तांबं, तेल, टाकीचं पोलाद, दरेतर (वीजदराखेरीजच्या) उत्पन्नात यायला हवेत. वर्षाकाठी शेकडो कोटींचं भांडवलीकरण दाखवणाऱ्या याचिकेत ‘वर्षातली वजावट’ हा स्तंभ शून्य किंवा शून्याजवळ दिसला तर तिथे बोट ठेवा. जाळ्यात इतकं नवं बसलं आणि जुनं काहीच निघालं नाही, हे शक्य नाही.

सुरक्षा ठेव, मुळा-प्रवरा आणि अर्धवट राहिलेले हिशेब

प्रत्येक ग्राहकानं कलम ४७ खाली सुरक्षा ठेव भरलेली असते. ती कंपनीचं देणं असते आणि खेळत्या भांडवलाची गरज मोजताना वजा होते, म्हणून ग्राहकांना व्याजाचा थोडा फायदा मिळतो. हस्तांतरात देणं नव्या मालकाकडे जातं. पण रोख रक्कम जाते का? अट अशी मागा: ठेवीची पूर्ण रक्कम, ग्राहकवार यादीसह, ताबा बदलण्याच्या दिवशी हस्तांतरित झाल्याचं लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र आयोगाकडे यावं, आणि तसं झालं नाही तरी दराच्या हिशेबात वजावट चालूच राहावी.

अटी आधी ठरल्या नाहीत तर काय होतं, याचा आपल्याकडचा दाखला मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचा. श्रीरामपूर-राहुरी परिसरात वीज देणाऱ्या या संस्थेचा परवाना ३१ जानेवारी २०११ ला संपला आणि दुसऱ्या दिवसापासून पुरवठा महावितरणकडे आला. तारा, रोहित्रं, उपकेंद्रं मात्र संस्थेची. पुरवठा एक दिवसही थांबवता येत नाही, म्हणून महावितरणनं संस्थेचं जाळं वापरायला घेतलं आणि त्या वापराचा मोबदला किती, हा वाद पुढे अनेक वर्षं चालला. असा मोबदला शेवटी महसुली गरजेत येतो, म्हणजे राज्यभरच्या ग्राहकांकडे. परवाना आणि जाळं यांचे मालक वेगळे झाले की मूळ किंमत, घसारा, अनुदानातून उभा राहिलेला भाग, सगळं नव्यानं सिद्ध करावं लागतं. ही माहिती ताबा बदलण्याआधी मिळणं सोपं असतं, नंतर फार अवघड.

आयोगापुढची कामं, क्रमानं

दराच्या याचिकेची जाहिरात मराठी आणि इंग्रजी वृत्तपत्रांत येते. हरकतीसाठी साधारण तीन आठवडे मिळतात आणि तेवढ्यात शेकडो पानं वाचणं कुणालाच जमत नाही. म्हणून मराठी सारांश फक्त दिशेसाठी वाचा आणि सरळ एक्सेल तक्ते उघडा. त्यातले मालमत्ता आणि घसारा, भांडवली कामं, ग्राहक अंशदान व अनुदान, कर्ज, दरेतर उत्पन्न एवढे तक्ते आधी. मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक आणि या वर्षाची सुरुवातीची शिल्लक जुळते का बघा. मागच्या आदेशात आयोगानं मंजूर केलेला आकडा आणि याचिकेत घेतलेला आकडा जुळतो का बघा. हस्तांतरानंतरच्या पहिल्या याचिकेत ही जुळणी सर्वांत महत्त्वाची, कारण किंमत बदलायची असेल तर ती याच ठिकाणी बदलते.

हरकत लिहिताना परिच्छेदांना क्रमांक द्या. प्रत्येक मुद्द्यात याचिकेचं पान किंवा तक्ता, त्यातला आकडा, तुमचा आकडा आणि शेवटी ‘आयोगानं अमुक करावं’ अशी एक ओळ. दरवाढ अन्यायकारक आहे, कंपनी लुटते आहे, अशी वाक्यं आदेशात एका ओळीत गुंडाळली जातात. मुद्देसूद हरकतीला मात्र कंपनीला उत्तर द्यावं लागतं आणि आयोगाला निष्कर्ष लिहावा लागतो. हरकतीची प्रत कंपनीलाही पाठवा आणि पोच ठेवा. सुनावणीत बोलायचं असेल तर तसं हरकतीतच लिहा. बोलायला पाच-सात मिनिटं मिळतात. त्यात एकच गणित मांडा, बाकीचं लेखी आहे असं सांगा. कंपनीचं लेखी उत्तर आलं की सुनावणीनंतर थोडा वेळ मिळतो, तेव्हा प्रत्युत्तर जरूर द्या. बहुतेक जण इथे थांबतात आणि कंपनीचं उत्तर आदेशात जसंच्या तसं राहतं.

याचिका दाखल झाल्यापासून १२० दिवसांत आदेश द्यावा असं कलम ६४ सांगतं. आदेश आला म्हणजे विषय संपला असं धरू नका. महावितरणच्या २०२५ ते २०३० या काळाच्या दरांचा आदेश २८ मार्च २०२५ ला निघाला, २ एप्रिलला त्याला स्थगिती मिळाली आणि पुनर्विलोकनानंतर २५ जूनला नवा आदेश येऊन १ जुलैपासून वेगळे दर लागू झाले. तीन महिन्यांत चित्र पालटलं. म्हणून मूळ आदेशानंतरही आयोगाच्या संकेतस्थळावर कंपनीची पुनर्विलोकन याचिका आली का ते दर आठवड्याला पाहा आणि आली तर त्यातही हस्तक्षेप अर्ज करा. पुनर्विलोकनाला मर्यादा असतात: उघड दिसणारी चूक, किंवा आधी मिळूच न शकलेला नवा पुरावा. कंपनी तेच मुद्दे पुन्हा मांडत असेल तर हे पुनर्विलोकनात बसत नाही, अशी प्राथमिक हरकत घ्या.

अपील करायचं तर दिल्लीच्या विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे, कलम १११ खाली, आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत. शुल्क १ लाख रुपये, त्यामुळे एकट्या वसाहतीला ते झेपत नाही. ग्राहक संघटनांनी एकत्र यावं लागतं. तिथे नवे आकडे सहसा मांडता येत नाहीत, आयोगापुढे जे नोंदवलं त्यावरच भांडता येतं. पुढे सर्वोच्च न्यायालयात ६० दिवसांत, पण फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर.

हस्तांतराची परवानगी अजून मिळालेली नसेल तर आजच करण्यासारखं काम एकच आहे. हस्तक्षेप अर्जात या तीन अटी शब्दशः मागा: दरासाठी मालमत्तेची मूळ किंमत आणि संचित घसारा पूर्वीप्रमाणेच पुढे चालेल, खरेदी किंमत, ख्यातीमूल्य (गुडविल), व्यवहारासाठी काढलेलं कर्ज, मुद्रांक शुल्क आणि सल्लागारांची फी कोणत्याही सदराखाली महसुली गरजेत येणार नाही, आणि ग्राहक अंशदानाच्या मालमत्तांची गावनिहाय व वसाहतनिहाय यादी ताबा बदलण्याआधी आयोगाकडे शपथपत्रावर दाखल होईल. त्या यादीत तुमच्या रोहित्राचा अनुक्रमांक आहे का, ते नामफलकाच्या फोटोशी ताडून बघा.